शेततळ्यातला मासा : आधी पाण्याचा हिशेब, मग बीज

शेततळ्यात मासे सोडणारे पुष्कळ, धुळवडीला ते काढून विकणारे थोडे. मधल्या सात महिन्यांत काय बिनसते याचे उत्तर बहुतेक जण रोगराईत शोधतात. खरे कारण अनेकदा फेब्रुवारीत दाबलेल्या मोटारीच्या बटणात असते. तळे खणले पिकासाठी, मासा आला पाहुणा म्हणून. हरभरा सुकायला लागला, मोसंबीचा बहार धरायची वेळ आली की पाहुण्याच्या अंगावरचे पांघरूण आधी ओढले जाते. म्हणून या लेखात माशाच्या आधी पाण्याचा हिशेब.

विदर्भ-मराठवाड्यात समुद्र शेकडो किलोमीटर लांब. बाजारात येते ती बरीचशी आंध्रातून बर्फात आलेली मासळी, थर्माकोलच्या पेटीत दोन-तीन दिवस काढलेली. आपल्या तळ्यातून सकाळी काढलेला, कल्ले लालभडक असलेला रोहू तिच्या शेजारी ठेवला की गिऱ्हाईक भाव विचारायच्या आधी मासा उचलते. लहान शेततळ्याची ताकद ताजेपणात आहे, टनावारी उत्पादनात नाही. आंध्रातल्या शेकडो एकरांच्या तलावांशी स्वस्ताईत बरोबरी करायला जाऊ नये.

खालचे सगळे आकडे ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, १:१ उताराच्या, प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्याचे आहेत. तुमचे तळे लहान-मोठे असेल तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात कमी-जास्त करा.

पाणी किती, कोणाचे

काठोकाठ भरलेल्या या तळ्यात सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावते. पाण्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर, नऊ गुंठ्यांना थोडा कमी. आता गंमत पाहा. पातळी निम्म्यावर, दीड मीटरवर आली की पाणी निम्मे राहत नाही. तळे खाली निमुळते असल्याने फक्त ९७६ घनमीटर उरते. एक मीटरवर आले की ६२५. डोळ्यांना ‘अजून बरेच आहे’ वाटते तेव्हा पाऊण तळे संपलेले असते.

माशासाठी दीड मीटर राखून ठेवा. त्याच्या वरचे सुमारे १२ लाख लिटर पिकाचे. ही वाटणी डोक्यात ठेवून चालत नाही, तळ्यावर दिसली पाहिजे. काठाच्या खुंटीला बांधून उतारावर एक नायलॉनची दोरी सोडा आणि काठापासून उतारावरून सात फुटांवर लाल कापडाची गाठ मारा. उतार १:१ असल्याने ती गाठ बरोबर दीड मीटर खोलीची खूण देते. गाठ उघडी पडली की मोटार बंद, नाहीतर मासे बाहेर. तिसरा मार्ग नाही.

बाष्पीभवनही धरा. एप्रिल-मेमध्ये दिवसाला साधारण सेंटिमीटरभर पाणी उडते. दीड मीटरच्या पातळीवर पृष्ठभाग ७२९ चौरस मीटर असतो, म्हणजे रोज सात हजार लिटरांहून जास्त पाणी कोणीही न वापरता जाते. विहिरीला उन्हाळ्यात पाणी नसेल तर मार्चअखेर तळे मोकळे करायचे हे ऑगस्टमध्येच ठरवा. सगळे वेळापत्रक तिथून उलटे मोजायचे.

कोणता मासा

मार्चअखेर काढायचे तर हातात सात महिने, त्यात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढ जवळजवळ थांबलेली. एवढ्या वेळात इंचभर बीज सोडून किलोचा मासा मिळत नाही. पाव-पाव किलोची पोरे निघतात आणि घरचेच खातात. शेततळ्यात सोडायचे ते मोठे बीज: निदान चार-पाच इंची बोटुकली, आणि मिळाली तर ८० ते १०० ग्रॅमची वर्षभर दाटीत ठेवलेली रोपटी. दाटीत आणि अर्धपोटी राहिलेले हे मासे मोकळ्या पाण्यात आणि भरपूर खाद्यावर झपाट्याने भरतात. नगाला पैसे जास्त पडतात, पण मरतुक कमी होते आणि दोन-तीन महिने वाचतात.

मूळ संच कटला, रोहू, मृगळ यांचा. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी खातो, म्हणून एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. मातीच्या तळ्यात ४:३:३ हे प्रमाण ठीक. कागदाच्या तळ्यात मात्र तळाला चिखल नाही, चिखलातले किडे-अळ्या नाहीत. मृगळाला तिथे खायला कमी मिळते. तिथे कटला ४०, रोहू ४०, मृगळ १० आणि गवत्या मासा १० टक्के असे धरा. गवत्या घ्यायचा तो रोज हिरवा चारा टाकणार असाल तरच. कोवळा नेपियर, लसूणघास, अझोला तो अधाशासारखा खातो आणि त्याच्या विष्ठेवर शेवाळ-प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढून कटल्याचेही भागते. चारा नसेल तर त्याची जागा रोहूला द्या. रोहूत ‘जयंती’ हा भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधन संस्थेने निवड पद्धतीने काढून १९९७ मध्ये दिलेला वाण खात्रीच्या केंद्रावर मिळाला तर जरूर घ्या, तो जलद वाढतो.

सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, तळ आणि बांध उकरतो. मातीच्या तळ्यात पाणी कायम गढूळ ठेवतो आणि बांधाला भगदाडे पाडतो, कागदाच्या तळ्यात तेवढा त्रास नाही. पंगस गरम मुलखातला. विदर्भातल्या डिसेंबरच्या रात्री त्याला सोसत नाहीत, खाणे टाकतो आणि मरू लागतो. चिलापी (टिलापिया) परवानगीशिवाय घ्यायचा नाही. साधा चिलापी तळ्यात शिरला तर वीत-वीत पिलांनी तळे भरून टाकतो. थाई मागूर वाढवायला केंद्र सरकारची २००० सालापासून बंदी आहे. ‘काळा मासा, काही खातो, कुठेही जगतो’ म्हणून कोणी देऊ लागला तर तो हाच. मरळ पूर्व विदर्भात जीव की प्राण, जिवंत विकला तर भावही चांगला, पण तो इतर मासे खाणारा. त्याचे तळे वेगळे, हिशेब वेगळा.

नग किती? मातीच्या चांगल्या तळ्यात हेक्टरी ५,००० ते ६,००० बोटुकली हे रूढ प्रमाण. आपल्या ९०० चौरस मीटरला ४५० ते ५४० होतात. पहिल्या वर्षी ४५० वर थांबा. ‘पाणी एवढे आहे, हजार-दीड हजार टाकू’ हा मोह सगळ्यांना होतो. ऑगस्टमध्ये ते मासे दिसतही नाहीत, पण जानेवारीत तेच पाणी, तोच प्राणवायू दुप्पट तोंडांना पुरवायचा असतो.

तळ्याची तयारी

ओढ्या-नाल्याचे पाणी घेत असाल तर आत येण्याआधी गाळ बसायला निदान २ बाय २ बाय १ मीटरचा खड्डा हवा आणि पाइपाच्या तोंडाला दुहेरी बारीक जाळी हवी. मरळ, शिंगी, वाम यांची अंडी-पिले याच वाटेने येतात. जुन्या मातीच्या तळ्यात आधीचे शिकारी मासे उरले असतील आणि तळे उपसता येत नसेल तर मोहाची ढेप वापरा: मीटरभर पाण्याला हेक्टरी २,५०० किलो, म्हणजे आपल्या मापाला सव्वादोनशे किलो. तिच्यातले सॅपोनिन माशांचे रक्त नासवते. मेलेले मासे काढून घ्या आणि तीन आठवडे नवे बीज सोडू नका. पुढे हीच ढेप खत होते. मोह जिथे मुबलक तिथेच हा उपाय परवडतो.

चुना डोळे झाकून टाकायचा नसतो. मातीच्या तळ्याला हेक्टरी २०० ते २५० किलो, म्हणजे आपल्याला २० किलोच्या आसपास चुना हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि आम्लधर्मी मातीत तो बरोबरही आहे. पण आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरींचे पाणी मुळातच जड आणि अल्कधर्मी असते. आधी सामू (पीएच) तपासा, कागदी पट्ट्या कृषी सेवा केंद्रात किंवा मत्स्यखाद्याच्या दुकानात मिळतात. सामू ७.५ ते ८.५ मध्ये असेल तर चुन्याला हात लावू नका. साडेसातच्या खाली असेल तरच भिजवून, थंड करून, निवळी-गाळासह सगळीकडे शिंपडा.

आता खत. कागदाच्या तळ्यात माती नसल्याने पाणी काचेसारखे स्वच्छ राहते. पाहायला छान, माशाला उपाशी. पाणी ‘पिकवावे’ लागते. दोन ड्रममध्ये मिळून १०० किलो ताजे शेण, १० किलो भुईमुगाची पेंड आणि ५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट पाण्यात कालवून तीन दिवस भिजवा, दिवसातून एकदा काठीने ढवळा. चौथ्या दिवशी सकाळी उन्हात ही राड पातळ करून पाण्यावर सगळीकडे फेका. आठ-दहा दिवसांत पाण्याला हलकी हिरवी-तपकिरी झाक येते. ती आली की बीज आणायचे, आधी नाही. पुढे दर पंधरा दिवसांनी ४० किलो शेण आणि एक किलो सुपर फॉस्फेट याच पद्धतीने. हिरवेपणा येतच नसेल तर सोबत पाऊण किलो युरिया. मात्र सामू साडेआठच्या वर असेल तर युरिया नको, त्यातून सुटणारा अमोनिया तिथे विष होतो.

पाणी पुरेसे पिकले का हे पाहायला यंत्र लागत नाही. वीस सेंटिमीटर व्यासाच्या स्टीलच्या ताटलीवर चार पाचर आखून समोरासमोरच्या दोन काळ्या, दोन पांढऱ्या रंगवा आणि मध्ये भोक पाडून दोरीला बांधा. खाली लहान दगड बांधला की ताटली सरळ बुडते. दुपारी अकराच्या सुमारास, पाठीवर ऊन घेऊन ती सोडा. २५ ते ४० सेंटिमीटरच्या दरम्यान दिसेनाशी झाली तर उत्तम. साठच्या खालीही दिसते तर खत वाढवा. वीसच्या आत नाहीशी होते तर खत बंद, खाद्य निम्मे.

बीज आणणे आणि सोडणे

बीजाच्या भाषेत घोळ फार आहे. नुकते अंड्यातून निघालेले ते मत्स्यजिरे, इंचभराचे ते मत्स्यबीज, त्याहून मोठी ती बोटुकली. विक्रेता ‘बीज’ म्हणतो तेव्हा लांबी पट्टीवर मोजून घ्या. नदीतून बीज गोळा करण्याचे दिवस हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले तेव्हापासून मागे पडले. म्हणूनच तो दिवस देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आता बीज मागाल तेव्हा मिळते, भेसळही मागाल तेव्हा मिळते. कटला म्हणून मृगळ गळ्यात मारणे ही जुनी युक्ती. ओळख सोपी आहे: कटल्याचे डोके मोठे, तोंड वर वळलेले, मिशा नाहीत. रोहूचे ओठ झालरीसारखे. मृगळ सडपातळ, चंदेरी, आणि लहानपणी शेपटीच्या मुळाशी चौकटच्या पत्त्यासारखा काळा ठिपका. घमेल्यात पाणी घेऊन पन्नास-साठ पिले निवडून पाहा, घमेल्यात हाताने भोवरा केला की निरोगी पिले प्रवाहाच्या उलट पोहतात. वाहवत मध्यभागी जमतात ती थकलेली.

आणण्याच्या आदल्या दिवशी त्यांना उपाशी ठेवलेले असले पाहिजे, नाहीतर वाटेत स्वतःच्याच घाणीने मरतात. प्राणवायू भरलेल्या पिशव्या रात्री किंवा पहाटे आणा, टपावर उन्हात नको. तळ्यावर आल्यावर पिशव्या न उघडता वीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्या. मग तोंड उघडून तळ्याचे पाणी तांब्या-तांब्याने पंधरा मिनिटांत आत घाला. पाण्याचे तापमान आणि सामू दोन्ही हळूहळू जुळले पाहिजेत. नंतर पिशवी आडवी करून धरा, पिले आपणहून बाहेर जातील. ओतू नका. कागदाच्या उतारावर ओतलेली पिले घसरत जाऊन खवले सोलतात आणि आठवड्यात त्या जागी कापसासारखी बुरशी येते. सोडण्याआधी ३ टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे दहा लिटरला ३०० ग्रॅम, एखादा मिनिट बुडवून काढली तर बुरशी आणि परजीवी दोन्ही कमी होतात. पिले कलंडू लागली की लगेच काढा.

आणि नग मोजा. सगळे शक्य नसेल तर तीन पिशव्या मोजून सरासरी काढा. पुढचा प्रत्येक हिशेब या आकड्यावर उभा आहे.

खाद्य

एकूण खर्चात निम्म्याहून जास्त वाटा खाद्याचा, म्हणून इथे मोजमाप हवे. ठोकळमान असे: सुरुवातीला माशांच्या एकूण वजनाच्या ४ टक्के, पाव किलोचे झाले की अडीच-तीन, अर्ध्या किलोनंतर दोन टक्के. ऑगस्टमध्ये ८० ग्रॅमची ४५० पिले म्हणजे ३६ किलो, दिवसाला दीड किलोच्या आत. ऑक्टोबरअखेर २५० ग्रॅमचे ४२० मासे धरले तर १०५ किलो, दिवसाला पावणेतीन-तीन किलो. फेब्रुवारीत सहाशे ग्रॅमचे ४०० मासे, २४० किलो, रोज पावणेपाच. दर महिन्याला पागाने (हाताने फेकायच्या जाळ्याने) पंधरा-वीस मासे धरून वजन करा आणि आकडा बदला. अंदाजाने टाकणारा ऑगस्टमध्ये जास्त टाकतो आणि फेब्रुवारीत कमी.

घरचे खाद्य म्हणजे भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड, वजनाने सारखी, वर शंभराला एक-दोन भाग खनिज मिश्रण. रात्री भिजवून सकाळी घट्ट गोळे करा. ते पाण्यात फेकले तर अर्धे विरघळतात आणि तळाशी सडतात. त्यापेक्षा जुन्या खताच्या गोणीला बोटाएवढी वीस-पंचवीस भोके पाडा, तीत खाद्य भरा आणि बांबूला बांधून फूट-दीड फूट पाण्यात सोडा. अशा चार गोण्या चार कोपऱ्यांत, रोज त्याच वेळी, त्याच जागी. दोन दिवसांत मासे गोणीला तोंडे लावायला शिकतात. तासा-दोन तासांनी गोणी उचला: रिकामी तर उद्या थोडे वाढवा, चतुर्थांश उरले तर कमी करा. गोणीच तुम्हाला सांगते, पुस्तक नव्हे. कारखान्यातले तरंगते गोळीखाद्य महाग, पण वाया कमी जाते आणि मासा खातो की नाही हे डोळ्यांनी दिसते. किलो मासळीला पेंड-कोंडा अडीच किलोच्या आसपास लागतो, चांगले गोळीखाद्य दीड ते दोन किलो. भाव या गुणोत्तराने तोलून पाहा, नुसत्या पोत्याच्या किमतीने नाही.

ढगाळ दिवशी खाद्य निम्मे करा. पाणी २० अंशांच्या खाली गेले की सकाळी टाकूच नका, दुपारी बारा-एकला टाका. बुरशी धरलेली पेंड गुरांना नको म्हणून माशांना घालतात, ती त्यांनाही नको.

पहाटेचे दोन तास

एखाद्या सकाळी सगळे मासे तोंडे वर काढून पाण्यावर चकचक आवाज करताना दिसतात. घाबरून लोक औषध आणायला धावतात. हा रोग नव्हे, प्राणवायू संपल्याची हाक आहे. दिवसा हिरवे प्लवंग प्राणवायू तयार करतात, रात्री तेच तो वापरतात. मासेही वापरतात, तळाला सडणारे खाद्यही वापरते. सूर्य उगवण्याआधीचे दोन तास साठा सगळ्यांत कमी असतो. त्याआधी दोन-तीन दिवस आभाळ भरून आलेले असेल तर दिवसाची कमाईच झालेली नसते. पाणी पोपटी रंगाच्या डिस्टेंपरसारखे दाट झाले, वर साय आली, तर धोका जवळ आला समजा.

अशा वेळी पाणी हवेतून पडले पाहिजे. तळ्याचेच पाणी मोटारीने उचलून भोके पाडलेल्या पाइपातून फवाऱ्यासारखे परत तळ्यात सोडा. दोन-तीन अश्वशक्तीची मोटार या तळ्याला पुरते. अडचण वेगळीच आहे: शेतीची थ्री फेज वीज पाळीने येते, पहाटे असेलच असे नाही. म्हणून छोटे पेट्रोल इंजिन, फवारणीचा एचटीपी पंप किंवा बॅटरीवरचा हवापंप आधीच जोडून, चालवून पाहिलेला असू द्या. प्राणवायू सोडणाऱ्या दाणेदार गोळ्यांचे एक-दोन किलोचे पाकीट घरात ठेवा. त्यांनी तळे सुधारत नाही, पण सूर्य वर येईपर्यंत जीव तगतो. त्या दिवशी खाद्य नाही, आठवडाभर खत नाही. वरची साय सकाळी वाऱ्याने एका कोपऱ्यात जमली की जुन्या लुगड्याने दोघांनी ओढून बाहेर काढावी. ती कुजून आत पडली तर दुसरा फटका बसतो.

याच्या बरोबर उलटी वेळ दुपारी तीनची. दाट हिरव्या पाण्यात तेव्हा सामू नऊवर जातो. उबदार पाण्यात सामू ८ असताना अमोनियाचा सहा-सात टक्के भाग विषारी रूपात असतो, सामू ९ ला तोच ४० टक्क्यांच्या आसपास. प्राणवायू भरपूर असूनही मासे सुस्त, काठाला लागलेले दिसले तर संशय अमोनियाचा. उपाय एकच: तळाचे पाणी काढा, ताजे घाला. एरवीही आठवड्यातून एकदा वीस मिनिटे तळाचे पाणी काढून केळीला किंवा चाऱ्याला पाटाने द्या. ठिबकला मात्र तळाचे पाणी देऊ नका. तिथे फूटव्हॉल्व्ह रिकाम्या ड्रमला टांगून पृष्ठभागापासून दोन-तीन फुटांवर ठेवा, बारीक जाळी गुंडाळा आणि सॅन्ड फिल्टर उलट्या पाण्याने धुण्याची पाळी दुप्पट करा. नाहीतर शेवाळाने ड्रिपर बुजतात आणि शिव्या माशाला बसतात.

थंडी, उवा, चट्टे

डिसेंबर-जानेवारीत अंगावर लाल चट्टे, पुढे खोल जखमा दिसू लागल्या तर तो अल्सरचा रोग. सामू परवानगी देत असेल तर चुना, आणि ‘सिफॅक्स’ हे औषध मीटरभर पाण्याला हेक्टरी एक लिटर, म्हणजे आपल्या तळ्यात दीड-दोन मीटर पाणी असेल तर दीडशे मिली भरपूर, बादलीभर पाण्यात मिसळून सगळीकडे शिंपडा. मासे बांबूला, कागदाला अंग घासतात, अचानक उड्या मारतात, तर एक पकडून पंखांच्या मुळाशी पाहा. मसुराच्या डाळीएवढी चपटी, पारदर्शक, सरकणारी जी दिसते ती माशाची ऊ, आर्ग्युलस. ती अंडी कठीण पृष्ठभागावर घालते. तेव्हा तळ्यात चार-पाच लाकडी फळ्या उभ्या टांगा, दर तीन-चार दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवा, घासा, परत टांगा. महिनाभरात संख्या उतरते. पिकावरचे कीटकनाशक ‘थोडेसे’ टाकण्याचा सल्ला गावात मिळेल. औषध आणि विष यांत इथे काही थेंबांचे अंतर असते. नागपूर किंवा उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाला, नाहीतर जिल्ह्याच्या मत्स्यविभागाला मासा दाखवल्याशिवाय ते करू नका.

फवारणीचा विषय निघालाच आहे तर एक कडक नियम: फवारणीचा पंप तळ्यात बुडवून भरायचा नाही, तळ्यावर धुवायचा नाही. कपाशीवरची पायरेथ्रॉइड गटातली औषधे माशाला अतिशय सूक्ष्म मात्रेतही मारतात. फवारलेल्या वावरातले पहिल्या पावसाचे पाणी तळ्यात घेऊ नका.

पाणकावळे एकदा तळे ओळखले की रोज येतात आणि पाव किलोपर्यंतचा मासा उचलतात. तळ्यावर आडवे-उभे नायलॉनचे दोर दोन-दोन मीटरवर ताणले की त्यांना उतरता येत नाही. कुंपण तर हवेच, ते सापा-कुत्र्यांसाठी नव्हे तर मुलांसाठी. शेवाळलेल्या ओल्या कागदावरून पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. चारही बाजूंना फुटाफुटावर गाठी मारलेला जाड दोर तळापर्यंत सोडून ठेवा, काठावर हवा भरलेली ट्यूब टांगा आणि खाद्य टाकायला एकट्याने जाऊ नका.

काढणी आणि विक्री

सगळा मासा एका दिवशी काढला तर व्यापारी भाव पाडतो. जानेवारीअखेर आठशे-हजार ग्रॅमचे कटले पागाने किंवा मोठ्या आसाच्या जाळ्याने निवडून काढायला लागा. राहिलेल्यांना जागा मिळते, ते भरतात. मुख्य काढणी धुळवडीच्या आसपास बसवा. त्या दोन-तीन दिवसांत मांसाहाराला जी मागणी असते ती नंतर आखाडातच येते, तेव्हा तळ्यात पाणी नसते. गावाच्या आठवडी बाजाराचा दिवस धरा, मात्र सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी टाळा. चैत्र नवरात्र लागण्याआधी माल संपलेला बरा.

आदल्या दिवशी खाद्य बंद. पाणी दीड मीटरच्या खाली आणून पहाटे ओढजाळे लावा. कागदाच्या तळ्यात जाळ्याचे शिसे जुन्या कापडाने गुंडाळा, बांबू रोवू नका, चपला-बूट काढून उतरा. एक भोक पडले की पुढच्या वर्षीचे पाणी गेले. मासा काढल्याबरोबर स्वच्छ पाण्यात धुऊन सावलीत. दोन तासांत विकला जाणार नसेल तर मासळीच्या वजनाएवढाच फोडलेला बर्फ थराथराने. ४५० मधले ४०० हाती लागले आणि सरासरी साडेसहाशे ग्रॅम भरली तर २६० किलो. पहिल्या वर्षी २०० झाले तरी वाईट नाही.

ही सगळी नोंद, म्हणजे नग, खाद्याचे किलो, मासिक वजन, विक्री, एका वहीत असू द्या. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मत्स्यपालनालाही मिळते. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्याचे सूत्र आहे. दोन्हीकडे अशी वही असलेल्याचे बोलणे लवकर ऐकले जाते. पण अनुदानाच्या ओढीने पहिल्याच वर्षी बायोफ्लॉकच्या, म्हणजे सतत हवा देऊन दाटीत मासे वाढवण्याच्या, टाक्या घेऊ नका. त्यांना चोवीस तास हवा लागते, आणि आपली वीज कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे.

तळे रिकामे झाले की मे महिन्यात तळाचा काळा गाळ फावड्याने नव्हे, रबरी वायपरने आणि घमेल्यांनी काढा. तो भाजीपाल्याच्या वाफ्यात उत्तम चालतो. कागद आठ-दहा दिवस उन्हात वाळू द्या, त्यातच परजीवींची अंडी जातात. मग अनवाणी फिरून भोके खडूने खुणावून घ्या आणि कागद जोडणारा माणूस मृगाच्या आधी बोलवा. मृगानंतर तो मिळत नाही.